तीनशेच्या खुणेचा दगड

मी एक दगड बोलतोय. लगेच हसू नका. ‘दगड आहेस दगड’ असं तुम्ही एकमेकांना म्हणता, दगडापेक्षा वीट मऊ म्हणता, ते सगळं मी आजवर मुकाट ऐकून घेतलंय. दगडाला कान नसतात हे तुम्हीच परस्पर ठरवून टाकलंत. आज मात्र मला बोलायचंय, कारण गेल्या शनिवारी माझी खडी होणार होती. ती टळली. कशामुळं टळली ते ऐकलंत, तर तुम्हीही कपाळाला हात लावाल.

साताऱ्याची हद्द संपते आणि सांगलीची सुरू होते, तिथल्या एका उघड्या माळावर मी उभा आहे. माळ लष्कराचा. इथं जवान नेमबाजीचा सराव करतात, म्हणून आजूबाजूची माणसं या जागेला चांदमारी म्हणतात. माझ्या पाठीवर काळ्या रंगात ‘३००’ असा आकडा आहे. माझ्यापासून निशाण तीनशे मीटरवर, एवढाच त्याचा अर्थ. जवान माझ्या कुशीला पालथे पडतात, श्वास रोखतात आणि गोळी सोडतात. नेम चुकला की उगाच माझ्याकडं रागानं बघतात. मी काय केलंय?

पण मी काही आकडा मिरवायला जन्माला आलो नव्हतो.

मी मूळचा याच माळाच्या कड्यातला. काळा, कठीण आणि खरं सांगायचं तर जरा घमेंडखोर. फार पूर्वी इथं गुराख्यांची वस्ती होती. किती पूर्वी ते विचारू नका, वर्षं मोजायची सवय आम्हा दगडांना नसते. एका दुपारी परमुलखातली माणसं गाया पळवायला आली. वस्तीतला एकटा गडी तलवार घेऊन त्यांना आडवा गेला. गाया परत आल्या, तो आला नाही. त्याच्या आईनं पाथरवट बोलावला आणि मला कड्यातून काढायला लावलं.

पाथरवट हाताचा हुशार होता, पण त्याला घाई फार. माझ्या छातीपोटावर त्यानं तीन मजले पाडले. खालच्या मजल्यावर लढाई आणि तीन गाया. मधल्या मजल्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वरच्या मजल्यावर तो वीर शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसलेला. अशा दगडाला वीरगळ म्हणतात. छिन्नी बाजूला ठेवून पाथरवट हात झटकत होता, तेवढ्यात ती आई म्हणाली, “वासरू राहिलं.”

पाथरवट म्हणाला, जागा नाही. ती म्हणाली, पोरगा वासरासाठी मागं फिरला आणि म्हणून गेला, तेव्हा वासरू पाहिजे. मग पाथरवटानं कुरकुरत अगदी कोपऱ्यात एक इवलंसं वासरू बसवलं. जागा अपुरी पडली, म्हणून त्याची मान मागं वळवावी लागली. ती आई बराच वेळ त्या वासराच्या मानेवरून बोट फिरवत राहिली होती. तिचा तो खरखरीत हात मला अजून आठवतो.

पुढं वस्तीत एक रीत पडली. घरातलं कुणी लढाईला किंवा पलटणीत निघालं, की आधी माझ्या डोक्यावर करडईचं तेल ओतायचं आणि मग माळ उतरायचा. राजे बदलले, सरकारं बदलली, गडी ज्यांच्यासाठी लढायला जायचे तेही बदलले. तेल तेच राहिलं. डोक्यावर ओतलेलं ओघळून छातीवर यायचं, कोरीव कामात मुरायचं. इतक्या पिढ्यांचं तेल मी प्यालोय, की माझ्या अंगाला बोट लावलं तर चिकटायचं. हे तेल लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शालूबाई या वस्तीत सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नवरा फौजेत. तो रजा संपवून निघायचा तेव्हा ती तेलाची वाटी घेऊन यायची, डोक्यावर पदर आणि नजर खाली. तो दर खेपेला परत आला. त्याचं श्रेय मी घेणार नाही. तेल पिऊन गोळ्या अडवता येत असत्या, तर मला मुळात कोरलंच नसतं. पण तिला वाटायचं, आणि तिला वाटतंय हे मला आवडायचं.

मग लष्करानं माळ घेतला. वस्तीला खाली ओढ्याकाठी जमीन मिळाली. तिथं पाणी होतं, पुढं ऊसही झाला, पोरं शिकली. मी त्याबद्दल रडगाणं गाणार नाही. मला सोबत न्यावं असं काहींना वाटलं होतं, पण जिथं रोवला तिथून दगड हलवायचा नाही, असा जुना नेम होता. येता-जाता तेल घालू, असं म्हणून माणसं उतरली. पुढच्याच महिन्यात तारेचं कुंपण पडलं.

आणि वस्तीनं जो नेम पाळला, तो लष्करानं आठ दिवसांत मोडला. त्यांना खुणेसाठी चांगला उंच दगड हवा होता. आठ जवानांनी मला उपटलं, दोनशे पावलं ओढत नेलं आणि कंबरेपर्यंत जमिनीत पुरलं. लढाई, गाया, वासरू सगळं मातीखाली गेलं. कोरीव बाजू निशाणाकडं, सपाट पाठ येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं. लष्करात एक रीत आहे. हलेल त्याला सलाम, हलणार नाही त्याला चुना. मी हलणारा नव्हतो. दरवर्षी माझ्यावर चुन्याचा हात फिरू लागला, अप्सरांची नाकं बुजली आणि मी तीनशेची खूण झालो.

शालूबाई मात्र चुकली नाही. तिचा मुलगा लालासाहेब फौजेत गेला तेव्हा ती वाटी घेऊन कुंपणापर्यंत आली. आत येता येईना. तिनं तारेला धरून उभ्या असलेल्या सिमेंटच्या खांबावरच तेल ओतलं आणि हात जोडले. लांबून मला सगळं दिसत होतं. तो खांब बिचारा गोंधळून गेला असणार. सतरा वर्षं नोकरी करून लालासाहेब धडधाकट परत आला. ऊस करतो आता. आणि त्याचा मुलगा वीरधवल नुकताच फौजेत भरती झालाय.

आता मुद्द्यावर येतो. या हिवाळ्यात लष्करानं ठरवलं, की या बाजूनं गाड्यांसाठी रुंद रस्ता करायचा आणि माळ सपाट करायचा. डोझर शनिवारी लागणार होता. पण त्याआधी जमिनीवर काही जुनं-पुराणं आहे का ते तपासून घ्यायचं, असं इथल्या मोठ्या साहेबांनी ठरवलं. यादीत येईल ते राखायचं, यादीत नसेल ते सपाट. यादी शुक्रवारी संध्याकाळी बंद.

सांगलीहून अंकिता नावाची बाई आली. पस्तिशीची असेल. उन्हात रापलेली, टोपीखाली केस कोंबलेले आणि बोलण्यापेक्षा बघणं जास्त. गोळीबाराचा लाल बावटा उतरवला की तिची माणसं दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून ओळीनं माळ चालायची. खापराचा तुकडा दिसला की एक छोटी पिवळी झेंडी. जात्याचा तुकडा दिसला की आणखी एक. इतक्या वर्षांत माणसं जमिनीकडं एवढं जपून बघत चालताना मी पहिल्यांदा पाहिली. एरवी तुमची नजर एकतर निशाणावर असते, नाहीतर फोनमध्ये.

त्यांना वस्तीची जोती सापडली. बुजलेली विहीर सापडली. आणि हे सगळं मोजायला तिनं यंत्र कुठं ठेवलं असेल? माझ्या डोक्यावर. तीनशेच्या खुणेपासून विहीर इतके मीटर, तीनशेच्या खुणेपासून जोतं तितके मीटर. तिच्या वहीत पानोपानी माझं नाव होतं आणि तरी मी कुठंच नव्हतो. दुपारी डबाही ती माझ्यावरच बसून खायची.

मंगळवारी डबा खाताना ती नाथाजीला सांगू लागली. नाथाजी म्हणजे या मैदानाचा हवालदार, कराडकडचा, पोटानं थोडा सुटलेला आणि मनानं चांगला.

“काल खालच्या वस्तीत गेले होते. शालूबाई म्हणून आजी आहेत, ऐंशीच्या. त्या म्हणतात, विहिरीजवळ त्यांचा एक दगड होता. वीरगळच असणार. हे बघा, त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलंय.” तिनं वही उघडून वाचलं, “‘खाली तीन गाया हायत आन् एक वासरू मागं वळून बघतंय. तेवढं गावलं तर सांग पोरी. माझा नातू ऐतवारी निघालाय. त्याच्या बापाच्या वक्ताला मी खांबावर त्याल वतलं. आता ह्येच्या वक्ताला तरी दगडावर पडू दे. म्होरच्या वक्ताला मी आसंन का नसंन.’”

नाथाजी घास गिळत म्हणाला, “विहिरीपाशी तर कायबी न्हाई मॅडम. मी बारा वर्षं बघतोय.”

“तेच ना. विहिरीभोवती हात हात जमीन शोधली आम्ही.”

अगं बाई, मी तुझ्या बुडाखाली आहे. हे मला ओरडून सांगायचं होतं. पण आमच्या जातीला ओरडता येत नाही. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तोही मला फुटला नाही. ती डबा धुऊन निघून गेली. माझ्याबद्दल यादीत आधीच लिहून झालं होतं: तीनशेची खूण, लष्करी, अलीकडची, नोंदीची गरज नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिनं माझ्याच डोक्यावर वही ठेवली आणि लिहिलं, ‘वीरगळ सापडला नाही. बहुधा नष्ट झाला असावा.’ लिहून झाल्यावर तिनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. तिला वाईट वाटत होतं. मला काय वाटत होतं ते विचारू नका. फुटण्याची भीती मला कधीच नव्हती, खडी झाली तरी दगड तो दगडच राहतो. पण त्या म्हातारीला उद्या कुणीतरी जाऊन सांगणार होतं की दगड गेला, आणि मी तर इथं धडधडीत उभा होतो. त्याचं लय वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी दिलावर आला.

दिलावर आष्ट्याचा. घर गवंड्यांचं. दरवर्षी हिवाळ्यात तो मोटरसायकलला चुन्याच्या गोण्या बांधून येतो आणि मैदानावरचा दगड न् दगड पांढरा करून जातो. आधी त्याचा बाप यायचा. आता दिलावरची दाढीही चुन्याच्या रंगाची झालीय. दुसऱ्या दिवशी डोझर लागणार हे ठाऊक असून नाथाजीनं त्याला बोलावलं होतं.

“आरं नाथाजी, उद्या पाडायचाय त्येला आज चुना कशाला?” दिलावर म्हणाला.

“आवं चाचा, हुकूम हाय. हुकूम रद्द झाल्याचा हुकूम आल्याबिगर पांढरं करायचंच.”

दिलावरनं शंभरचा दगड केला, दोनशेचा केला आणि बादली घेऊन माझ्यापाशी आला. अंकिता माझ्यावर बसून यादीची शेवटची पानं तपासत होती.

“ताई, जरा उठता का? ह्या म्हाताऱ्याचा नंबर आलाय.”

ती उठली. दिलावरनं कुंचला बुडवला, पण माझ्याकडं बघून तो तसाच बादलीत ठेवला आणि माझ्या छातीवरचा चुन्याचा पोपडा नखानं उचकटला. खालच्या जुन्या थरांसकट अख्खा हातभर पापुद्रा गळून पडला.

“बघा. गेल्या सालचाच चुना हाय ह्यो. बाकीच्या दगडांवर चार-चार वर्सं हालत न्हाई. ह्येच्यावर दोन म्हयन्यांत फुगतोय, तरी आमी दरसाल वरनंच हात मारतो. माझा बाप ह्येला ‘उलटा म्हातारा’ म्हनायचा. डिंक घातला, मीठ घातलं, गूळबी घालून बघितला. न्हाईच धरत.”

“का धरत नाही?” तिनं वहीतून डोकं न काढता विचारलं.

“त्याल प्यालेला हाय की. सैपाकघरात चुलीवरची भिंत आसतीय न्हवं, फोडणीचं त्याल उडून उडून मुरलेली? तितं चुना कवाच धरत न्हाई. तसलंच हे.”

तो कुंचला निथळवू लागला. तिनं मात्र वहीतून डोकं वर काढलं. तिचं पेन थांबलं होतं.

“चाचा,” ती हळूच म्हणाली, “माळावरच्या दगडावर फोडणी कोण घालतं?”

दिलावरनं कुंचला खाली ठेवला. दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग ती गळून पडलेला पापुद्रा उचलून उलटा करून बघू लागली. आतली बाजू काळपट, तेलकट होती. आणि तिच्यावर जोडलेल्या हातांचा ठसा उमटलेला होता, भाकरीवर बोटं उमटावीत तसा.

इतक्या वेळा ती माझ्यावर बसली, पण माझ्याकडं तिनं पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

लोखंड लावायचं नाही, असं तिनं बजावलं. दिलावर म्हणाला, “मला शिकवू नगा ताई, चुना लावणाऱ्याला काढायचाबी म्हाईत आसतोय.” त्यानं बांबूच्या चिपा तासून घेतल्या, फडकं ओलं केलं आणि दोघं माझ्यापुढं मांडी घालून बसली. आधी पिंडी निघाली. मग हात जोडलेला वीर. मग अप्सरा, एकेकीचं नाक घेऊन. पन्नास वर्षांनी अंगाला वारा लागला. माणसाला न्हाल्यावर कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

कंबरेखाली खणायला परवानगी लागत होती. नाथाजीनं साहेबांना फोन लावला आणि फोनवरसुद्धा ताठ उभा राहिला. अर्ध्या तासात साहेब स्वतः आले. ते परमुलखातले, हिंदीत बोलणारे. त्यांनी हात जोडून बसलेला तो वीर निरखला आणि नाथाजीला विचारलं, “ये कौनसी पलटन का जवान है?”

नाथाजी गडबडला. मग म्हणाला, “साब, गाँव की पलटन.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी टोपी सारखी केली आणि खणायला सांगितलं.

दुपार कलली. माती एकेक ओंजळ बाजूला होत होती. एक गाय निघाली. दुसरी निघाली. तिसरी निघाली. अंकिता मागं सरकली आणि दिलावरला म्हणाली, “कोपरा तुम्ही काढा, चाचा.” दिलावरनं ओलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि अगदी खालच्या कोपऱ्यातली माती पुसली.

वासरू मागं वळून बघत होतं.

“आई गं,” म्हणून अंकिता रडायला लागली. यादी बंद व्हायला दीड तास उरला होता. तिनं कालची ओळ खोडली आणि एक्केचाळीस नंबरला मला लिहिलं. रस्ता दहा हात बाजूला सरकवण्याचा हुकूम साहेबांनी तिथंच उभ्या उभ्या दिला.

शनिवारी डोझर आला आणि मला वळसा घालून गेला. दुपारी लाल बावटा उतरला आणि लष्कराच्या जीपमधून शालूबाई आली. एका बाजूनं लालासाहेबानं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं वीरधवलनं. वीरधवल उंच, जीन्स घातलेला, मिशी राखायचा नुकता प्रयत्न चाललेला. शालूबाईला आता नीट दिसत नाही. तिनं हात पुढं केला, खाली वाकली आणि चाचपडत नेमकी त्या कोपऱ्यापाशी गेली. वासराच्या मानेवरून तिचं बोट फिरलं. खरखरीत हात. मला क्षणभर कळेना, ही शालूबाई की ती पहिली आई.

“म्हातारा झालास रं,” ती मला म्हणाली.

लालासाहेब हसून म्हणाला, “आई, मी बिनतेलाचा गेलो न् आलोच की.”

“बिनतेलाचा? तुझ्या वाटणीचं त्याल खांबाला पाजलंय मी.” असं म्हणत तिनं कमरेची बाटली काढली.

अंकिता अवघडली. “आजी, खरं म्हणजे आता तेल घालता येत नाही. नियम आहे. दगडाला चांगलं नसतं ते.”

शालूबाईचा हात बाटलीवर तसाच राहिला. पन्नास वर्षं कुंपणाबाहेर थांबलेल्या बाईला थांबायची सवय असते. बोलला तो दिलावर. तो पाठीमागं माझ्या आकड्याला काळा रंग देत होता.

“ताई, नियम आसंल. पर त्याल नसतं, तर ह्यो दगड तुमाला गावला आसता व्हय?”

अंकितानं टोपी काढली आणि म्हणाली, “एक बोट, आजी. माथ्यावर, जुन्या जागी. कोरीव कामावर नको.”

शालूबाईनं एक बोट बुडवलं आणि माझ्या माथ्यावर टेकवलं. करडईचा तो वास आला आणि मी, कितीतरी पिढ्यांचा कठीण दगड, आतून पार विरघळलो. मग तिनं वीरधवलचा हात धरून त्याचंही बोट तिथं टेकवलं.

“आज्जे, कोण व्हता ह्यो? नाव काय ह्येचं?” त्यानं विचारलं.

“नाव कुनाला ठावं, बाळा. गेला त्यो आपलाच. आला आसता, तर दगड कशाला लागला आसता?”

वीरधवलनं बोट उचललं नाही, बराच वेळ.

आता मी आहे तिथंच आहे. पुढून वीरगळ, मागून तीनशेची खूण. दिलावर आता फक्त पाठीला चुना लावणार, आणि पाठीवर तो छान धरतो. जवान अजून माझ्या कुशीला पडून नेम धरतात, पण उठताना एखादा वळून पुढची बाजू बघून जातो. वीरधवल रविवारी गेला. कुंपणापलीकडच्या रस्त्यानं जाताना जीपमधून त्यानं मान मागं वळवून पाहिलं.

तुमच्याकडं माझं एकच मागणं आहे. जुना दगड दिसला तर बसायच्या आधी एकदा बघून घ्या. आणि वीरधवल, तुलाही एक सांगतो. तू परत ये. मिशी पुरती वाढवून ये, रजेवर ये, म्हातारा होऊन उसाच्या बांधावर कुरकुरत बस. तुझ्या आजीला पुन्हा पाथरवट शोधायला लावू नकोस. या माळाला एक दगड पुष्कळ झाला.